पाऊस थांबल्यावरचं पाणी

बडोद्याला पूर पावसात येत नाही, पाऊस थांबल्यावर येतो. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून पटत नाही. दोन-तीन दिवस नुसता कोसळत असतो तेव्हा आम्ही निर्धास्त असतो; घरभर दोऱ्या बांधून ओले कपडे वाळत घालतो, छत ठिबकायला लागलं की खाली घमेलं ठेवतो आणि पावसाला चार शिव्या घालून झोपतो. मग एका दुपारी लख्ख ऊन पडतं. लोक स्कूटरी पुसून बाहेर काढतात, भाजीवाल्या टोपल्या मांडतात, आणि नेमकं तेव्हाच तिकडे वर आजव्याच्या तलावातून सुटलेलं पाणी विश्वामित्रीत उतरायला लागतं. डोक्यावर ढगाचा ठिपका नसताना नदी चढत जाते. म्हणून आमच्याकडे पावसात कुणी कुणाला फोन करत नाही, ऊन पडलं की करतात. ‘आजवा केटलुं थयुं?’, आजवा किती भरला, ही इथली श्रावणातली चौकशी, आणि तिचं उत्तर फुटांत द्यायचं असतं.

परवा असंच ऊन पडलं. समोरच्या गॅलरीत गाद्या वाळत पडल्या, मुलं सायकली घेऊन पुलावर पाणी बघायला पळाली. आमच्या ह्यांनी मोबाइलवर कुणाला तरी आजव्याची पातळी विचारली आणि गप्प बसून राहिले. मीही काही बोलले नाही. आमच्या घरात ते न ठरवता ठरून गेलेलं आहे. लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाली, पण ज्या पुराने ते जमवलं त्याची आठवण आम्ही कधी हौसेने काढली नाही. मुलगी लहानपणी विचारायची, तुमचं दोघांचं जमलं कसं? हे म्हणायचे, बसमध्ये. मग पुढे काय झालं? मग बस बंद पडली, हे म्हणायचे, आणि पेपर उघडायचे.

ती गोष्ट नव्वदीतली. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे फोनचे बूथ उघडले होते, गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, आणि कोयलीच्या रस्त्याला नवेनवे कारखाने उभे राहत होते. मी रावपुऱ्यातल्या एका शाळेत संस्कृत शिकवत होते. तिशी उलटली होती, लग्न जमत नव्हतं, आणि ते का जमत नाही हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मला स्टार्च न केलेली साडी चालत नसे. दुसऱ्याच्या फडक्याला हात पुसवत नसे. कुणी मोठ्याने हसलं तर मी वळून बघत असे. आजोबा संस्थानच्या कचेरीत साधे कारकून होते, पण आमच्या घरात ताठा मात्र दिवाणाचा.

त्या दुपारी मी मावशीकडे जायला सिटी बसमध्ये बसले. पाऊस नुकता उघडला होता. बसने पूल ओलांडला आणि पलीकडच्या सखल रस्त्यावर जी थांबली ती थांबलीच. बघता बघता पाणी पायरीवर आलं. कंडक्टरने सगळ्यांना उतरवून शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर चढवलं. वरच्या मजल्यावर कोकिळाबेन नावाच्या एकट्या राहणाऱ्या बाईंचा शिवणक्लास होता; एका मोठ्या खोलीत ओळीने शिलाई मशिनं, मधे कापड बेतायचं लांबलचक टेबल, आणि मागे त्यांचं स्वयंपाकघर. बाकीचे उतारू हातात चपला घेऊन, एकमेकांना धरून निघून गेले. त्या पाण्यात पाय घालायची मला किळस वाटली, म्हणून मी राहिले. गेलेल्यांपैकी एक माणूस थोड्या वेळाने छातीपर्यंत भिजून परत आला; पुढे विजेची तार पडली होती, लोकांनी त्याला मागे फिरवलं होतं. कोकिळाबेननी त्याला पुसायला क्लासमधलं परकराचं कापड दिलं. ते कापड कमरेला गुंडाळून, आपली पँट मशिनवर वाळत घालून, तो आमच्यासमोर खुशाल बसला. मी भिंतीकडे तोंड केलं.

तेच हे. भास्कर नाव, खानदेशातल्या यावलकडचे. रसायनाच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला होते आणि मांडवीजवळ खोली घेऊन राहत होते. जगात कुणाशीही बोलता येतं अशी त्यांची समजूत होती, आणि ती खरीही ठरत असे. गुजराती धडाधड बोलायचे, सगळं चुकीचं. संध्याकाळी त्यांनी डबा उघडला तर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत. भाकरीचे हातानेच तीन वाटे करून एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मला भूक नाही, मी म्हणाले. हे म्हणाले, मॅडम, भूक नसली तरी खा, पाणी काय तुम्हाला विचारून उतरणार आहे? मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी दुसऱ्यांदा मागून घेतलं. त्या भरताची चव मला आजही पुसता आलेली नाही, आणि खरं सांगायचं तर पुसायची इच्छाही नाही.

एवढा हसणारा माणूस, पण त्या रात्री सारखा खिडकीशी जायचा. शेवटी मी विचारलं. तेव्हा त्यांनी मला ती पद्धत समजावली. बॉयलर बंद करून घरी जायची सोय नसते. पाळी संपली तरी जागेवरचा माणूस उठत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे त्याचा रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिला, सगळं समजून घेतलं, की मगच पहिल्याने चप्पल घालायची. रिलीव्हर आला नाही तर याने तसंच बसायचं, मग आणखी एक पाळी होवो की दोन. त्या दिवशी हे पाळीवरच निघाले होते, आणि यांच्या आधीच्या पाळीला रमणभाई होते. यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, यांना काम शिकवलेले, नदीकाठच्या सोसायटीत बायको आणि अंथरुणाला खिळलेली आई घेऊन राहणारे; मुलगा तेव्हा आजोळी शिकायला.

“माझा माणूस तिथं अडकलाय,” हे म्हणाले. “मी आजवर कोणाला अडकवलं नव्हतं, मॅडम.”

तिथेच माझं मन त्यांच्याकडे गेलं. कपड्याचा, जेवणाचा, बोलण्याचा, कशाचा म्हणून नियम न पाळणारा हा गडी एक नियम असा छातीशी धरून बसला होता. मी सगळेच नियम पाळत आले होते, पण त्यातल्या एकाहीसाठी माझी झोप उडाली नव्हती. ही त्यांच्याबद्दलची पहिली आवडलेली गोष्ट, आणि तीच मी दुसऱ्या दिवशी मोडायला लावली.

दुसरा दिवस उजाडला तो ऊन घेऊनच. पाणी बरंच उतरलं होतं. पुलाकडची बाजू बंद होती, म्हणजे मला घरी जाता येणार नव्हतं. स्टेशनकडची बाजू मात्र मोकळी होत होती. खाली रस्त्यावरून एक मगर संथपणे बंद पानाच्या गल्ल्यापुढून, म्हणजे टपरीपुढून गेली आणि देवीचं वाहन म्हणून कोकिळाबेननी तिला हात जोडले. आम्ही बिनदुधाचा चहा पीत होतो. वेळ जावा म्हणून यांनी एकेक मशीन उघडून तेल द्यायला घेतलं, आणि मी टेबलाखालची कागदांची चळत काढली. कोकिळाबेन जुन्या गुजराती वर्तमानपत्रांतून ब्लाउजचे, बाह्यांचे, कॉलरचे नमुने कापून ठेवत. यांना गुजराती वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचत होते. बातमी सुरू व्हायची आणि बाहीच्या गोलाईपाशी कापली जायची. आणंदजवळ एका शेतकऱ्याच्या म्हशीने, आणि संपलं. मग पुढचं हे सांगायचे: म्हशीने सरपंचाची निवडणूक लढवली, अनामत जप्त झाली, तेव्हापासून दूध देत नाही. मी आधी म्हणाले, असं काय वाट्टेल ते. मग हसायला लागले. इतकी हसले की कोकिळाबेन लाटणं हातात घेऊन बघायला आल्या. तेव्हा मला स्वतःचंच हसू ऐकू आलं आणि ते चांगलं मोठ्याने होतं.

आणि तेवढ्यात खाली ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत कारखान्यांचे लोक उभे होते. ट्रॅक्टरवाला ओरडत होता, स्टेशनकडे जाणाऱ्यांनी चला, तिथून कारखान्याच्या बसगाड्या सुटणार आहेत. हे उठले. हात पुसले, डबा घेतला, चप्पल शोधायला लागले.

मी किती खोटं बोलू शकते हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, अजून पाणी आहे, मगर फिरते आहे, कशाला जीव धोक्यात घालता. ट्रॉली माणसाच्या उंचीची होती, मगरीला तिथे काही करता येणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मला दिसत होतं ते वेगळंच. हा माणूस त्या ट्रॉलीत चढला की आधी कारखान्यात आणि मग मांडवीच्या गर्दीत जाणार, मी रावपुऱ्यात, आणि मधल्या अर्ध्या मैलात आम्ही पुन्हा कधीही भेटणार नाही. असल्या माणसाकडे मला घेऊन जाणारी एकही वाट आमच्या घरातून निघत नव्हती.

“आजचा दिवस थांबा ना,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून हात हलवून ट्रॅक्टरला जा म्हणून सांगितलं आणि डबा टेबलावर परत ठेवला.

तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. हे लिहितानाही लाज वाटते, पण दुसरं लिहिलं तर ते खोटं होईल. कोकिळाबेननी शेव-ममरे कालवले. यांनी मला मशीन मारायला शिकवलं आणि मी एका चिंधीवर वाकडीतिकडी शिवण घातली. ती चिंधी यांनी खिशात टाकली. संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो तर पश्चिमेला केशरी उजेड होता आणि सगळं गाव आरशात ठेवल्यासारखं उलटं दिसत होतं. आपण लोकांच्या बुडालेल्या घरांकडे बघतो आहोत हे माझ्या ध्यानातही आलं नाही. उलट मी मनात म्हणाले, पाणी असंच राहू दे. देवाकडे मी फारसं काही मागत नाही, आणि त्या दिवशी मागितलं ते हे.

मागितलं ते मिळालं. अंधार पडल्यावर पाणी पुन्हा चढलं, आदल्या दिवसापेक्षाही वर. रमणभाईंच्या सोसायटीत ते घराघरांत शिरलं. त्यांच्या बायको, शारदाबेन, म्हाताऱ्या सासूला घेऊन एकट्या होत्या. शेजारी गच्चीवर चढले होते, त्यांना खाली येता येईना. शारदाबेनना एकटीने सासू उचलवेना. त्यांनी तिला पलंगावर स्टूल ठेवून त्यावर बसवलं आणि काखेत हात घालून सकाळ होईपर्यंत धरून ठेवलं. दोघीही कमरेच्या वर पाण्यात. म्हातारीने रात्रभर एकच विचारलं, रमण आव्यो?

रमण बॉयलरपुढे बसला होता. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर हे पोहोचले तेव्हा रमणभाईंचे डोळे लाल झाले होते. यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते हे की काल ट्रॅक्टर आला होता, पण मी आलो नाही. का, ते रमणभाईंनी विचारलं नाही. त्यांनी आधी सगळं नीट सोपवलं. दाब किती आहे, कुठला पंप आवाज करतोय, कुठल्या झडपेकडे लक्ष ठेवायचं. मग म्हणाले, “ले भाई, हवे तू संभाळ,” आता तू बघ, आणि चप्पल घालून गेले. घरी काय झालंय ते त्यांना अजून कळायचं होतं.

म्हातारीच्या छातीत कफ धरला. नवरात्राच्या आधीच ती गेली. ‘उंमर हती,’ रमणभाई म्हणाले, वय झालं होतं. डॉक्टरही तसंच म्हणाले. सगळेच तसं म्हणाले, आणि वय तर झालेलंच होतं. पण रमणभाई त्या संध्याकाळी घरी असते तर दोघांनी मिळून तिला गच्चीवर नेली असती, हे गणित करायला डॉक्टर लागत नाही.

आमच्या लग्नाला घरून विरोध होईल असं मला वाटलं होतं. कारखान्यातला माणूस, त्यात आमच्यातला नाही, त्यात जेवताना आवाज करणारा. पण वडिलांनी सगळी हकिगत डोळे मिटून ऐकली आणि एकच विचारलं, “मग त्या दिवशी तिथे कोण होतं?” बाकी कुणी हे विचारलं नाही. हे म्हणाले, रमणभाई. वडिलांनी मान हलवली आणि थोड्या दिवसांनी होकार दिला. माझ्या मनात मात्र तो होकार राहिला नाही, तो प्रश्नच राहिला.

लग्नाला रमणभाई आले. पांढरा झब्बा, हातात नारळ. आम्हाला दोघांना बघून सगळ्यांदेखत थट्टेने म्हणाले, “चालो, हवे भास्करभाईने पण रिलीव्हर मळी गयो.” चला, आता भास्करभाईंनाही रिलीव्हर मिळाला. सगळे हसले, हेही हसले. मी हाराची फुलं मोजत उभी राहिले.

माणूस चांगला निघाला की अपराध्याचे हाल होतात. रमणभाई रागावले असते, एकदा मनसोक्त बोलले असते, तर आम्ही पाया पडून मोकळे झालो असतो. ते दर दिवाळीला येत राहिले, मुलीला फटाके आणत राहिले. शारदाबेन मात्र कधी आल्या नाहीत. मी गेले की चहा करत, बस म्हणत, मुलीच्या केसांवरून हात फिरवत. पण आमचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. दर उन्हाळ्यात रमणभाईंच्या हाती छुंद्याची बरणी यायची. बरणी रिकामी परत करायची नाही, म्हणून मी तीत चिवडा, कधी कडबोळी भरून पाठवायची. वीस वर्षं ती बरणी आमच्यात ये-जा करत राहिली. तिच्या येण्यात माफी होती की नुसती रीत होती, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. थांबवलं कुणी, हे ह्यांनी कधी त्यांना सांगितलं नाही. पण लग्नाची पत्रिका हातात पडल्यावर ते न कळण्याइतक्या शारदाबेन भोळ्या नव्हत्या.

ह्यांनी आपल्या परीने फेडायचा प्रयत्न केला. नोकरीभर पाळीच्या अर्धा तास आधी पोहोचले. पावसाळ्यात एक रजा घेतली नाही. आभाळ भरलं की पथारी घेऊन कारखान्यातच मुक्कामाला जायचे. मुलीला ताप असताना, माझे वडील गेले तेव्हासुद्धा, ऊन पडलं की यांची नजर घड्याळाकडे. मी कधी थांबा म्हणाले नाही. तो शब्द मी एकदाच वापरला आणि तेवढ्यात माझ्या वाट्याचा संपला. कधीतरी मनात येतं, मी ज्याच्यावर भाळले तो बेफिकीर हसणारा माणूस मीच त्या दिवशी त्या ट्रॅक्टरमागे हाकलून दिला. तुटक्या बातम्या पूर्ण करणं त्यांनी पुढे सोडूनच दिलं. तरीही कुणी विचारलं की तो दिवस परत दिला तर काय करशील, तर मला पटकन उत्तर देता येत नाही. मुलीचं तोंड समोर येतं, भरताची चव येते. हीच माझी लाज, की पश्चात्तापसुद्धा मला धड पुरता करता येत नाही.

परवाचं ऊन पडलं तेव्हा ह्यांनी दुसरा फोन रमणभाईंकडे लावला. गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला, तेव्हापासून ते अंथरुणावर आहेत. मुलगा परदेशी. आता ते वरच्या मजल्यावरच्या घरात राहतात, पाण्याची भीती नाही, पण त्यांच्याकडे दिवस-रात्र पाळीने येणाऱ्या दोन्ही बायका पावसाने पलीकडच्या वस्तीत अडकल्या होत्या. दोन दिवस शारदाबेन एकट्याच सगळं बघत होत्या. ही गोष्ट शारदाबेननी आपणहून सांगितली नाही, ह्यांनी खोदून काढली.

हे लगेच बूट घालायला वाकले. गुडघे सुजलेले, वाटेत अजून पावसाचं पाणी तुंबलेलं होतं.

“तुम्ही बसा,” मी म्हणाले. “मी जाते.”

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी डबा हातात घेऊन पाहिलं होतं तसंच. मग हातातला बूट खाली ठेवला आणि मला छत्री काढून दिली. ऊन होतं, तरी मी ती घेतली. रिक्षावाल्याने वळणापाशीच सोडलं. पुढे गुडघाभर पाणी, गढूळ, त्यात कुणाच्या घरातल्या चपला आणि टोमॅटो तरंगत होते. स्टार्चची साडी वर खोचून मी त्यात पाय घातला. किळस आली, नाही असं नाही. पण पाय घातला.

शारदाबेननी दार उघडलं. पदर खांद्यावरून घसरलेला, डोळे लाल. फोन झाल्यापासून तासाभरातच मी पोहोचले होते. त्या दारात तशाच उभ्या राहिल्या.

“आवी?” त्या म्हणाल्या. “बहु मोडुं कर्युं, बेन.”

आलीस? फार उशीर केलास. त्यात राग नव्हता, लाडही नव्हता. त्या बाजूला सरकल्या, मी आत गेले, आणि त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. डाव्या कुशीवर ठेवायचं. पाणी चमच्यानेच द्यायचं, घाई केली तर ठसका लागतो. दुपारची गोळी कुठली, चादर कुठे, हाक मारायची झाली तर ते उजव्या हाताची बोटं हलवतात. मी प्रत्येक गोष्ट मनात म्हणून घेतली.

“हवे तमे सूई जाव,” मी म्हणाले. “हुं बेठी छुं.” आता तुम्ही झोपा, मी बसले आहे.

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि पडल्या पडल्या त्यांना झोप लागली, इतकी की घोरणं बाहेर ऐकू यायला लागलं. रमणभाई माझ्याकडे बघत होते. खिडकीबाहेर ऊन लख्ख पडलं होतं, म्हणजे पाणी आता चढणार होतं. मी खुर्ची त्यांच्या पलंगाजवळ ओढली आणि दाराशी काढलेल्या चपला उचलून, तिथून लांब, पलंगाखाली सरकवल्या.